मदतीचं टेबल परत मांडा : मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

कार्यकारिणीतल्या सर्व ताई-दादांना सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात शनिवारी दुपारी दोन वाजता आपली सभा झाली. त्या वेळी मी शिफ्टवर होते, त्यामुळे काय ठरलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. ठराव दोन. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हॉलच्या मागच्या कोपऱ्यात लागणारं, इमिग्रेशनच्या ऑनलाइन कामांत लोकांना हात देणारं मदतीचं टेबल बंद. आणि यापुढे भारतीय पासपोर्ट असलेले किंवा भारतातून थेट व्हिसावर आलेले तेवढेच पूर्ण सदस्य, बाकीचे ‘सहयोगी’. सहयोग्यांना वर्गणी तेवढीच, फक्त मत नाही.

दोन ईमेल लिहिले. एकाला उत्तर नाही, दुसऱ्याला ग्रुपवर अंगठा आला. अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ की ‘मान्य आहे’ की ‘आता पुरे’, ते कळलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण घरातलं आहे. पण इंग्लंडमध्येच नाही, युरोपात जिथे जिथे आपली मंडळं आहेत तिथे हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, म्हणून बाहेरच्यांनीही वाचावं.

मी मूळची गोव्याची, साखळीजवळच्या गावातली. घरात कोंकणी, शाळेत मराठी, देवळात भजनं आणि आरत्या मराठी. हे समजावून सांगायला लागतं याचं आता वाईट वाटत नाही, सवय झाली आहे. माझे वडील 1953 सालचे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगालच्या कायद्यानं लिस्बनच्या नोंदवहीत जन्म नोंदवता येतो, आणि मग त्यांच्या मुलांनाही. आमच्याकडे याला सरळ ‘पोर्तुगीज करणं’ म्हणतात. वडिलांनी केलं, माझं झालं, 2014 मध्ये मी भारताचा पासपोर्ट परत केला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे या व्यवहारात एक हात सोडल्याशिवाय दुसरा धरता येत नाही. तो पासपोर्ट खिडकीतून आत सरकवताना काय वाटलं ते इथे लिहिण्याची जागा नाही.

लिस्बन मी अकरा दिवस पाहिलं. नातलगाच्या ओळखीच्या खोलीत राहिले, ट्रामच्या चढावर धापा टाकल्या आणि विमानानं इंग्लंडला आले. पोर्तुगीज भाषेत मला ‘ओब्रिगादा’च्या पुढे काही येत नाही. पण कागदावर मी युरोपातून युरोपात स्थलांतर केलेली बाई आहे, पोलंडहून किंवा रुमानियाहून आलेल्या कुणाही बाईसारखी. सभेत कुणीतरी म्हणालं म्हणे, की ‘ही मंडळी मागच्या दारानं आली’. दार पुढचंच होतं हो. युरोपियन पासपोर्टला तेव्हा उघडं होतं, एवढंच. स्विंडनला, साउथॉलला, हाउन्स्लोला हजारो गोवेकर त्याच दारातून आले. दमणचे गुजराती लेस्टरला आले तेही त्यातूनच.

तुमचा एक राग मला कळतो. तुम्ही व्हिसाची फी भरली, व्हिसासोबत आरोग्याचा अधिभार आगाऊ भरलात, आता तो मोठ्या माणसामागे वर्षाला 1,035 पौंड आहे. आम्हाला यातलं काही भरावं लागलं नाही. हे खरं आहे आणि त्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण तुम्ही उतरलात तेव्हा हातात कंपनीचं पत्र होतं, बऱ्याच जणांना पहिला महिना फ्लॅट होता, आणि बँकेत खातं कसं उघडायचं ते सांगणारी एचआरमधली बाई होती. मला होता एजन्सीचा एक फोन नंबर, आणि चार खोल्यांच्या घरात नऊ माणसांबरोबर एक गादी, तीही पाळीनं. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला झोपायचा.

इथे कसं राहायचं ते मला गोदामातल्या बायकांनी शिकवलं, आणि त्यात मराठी एकही नव्हती. पहिल्या महिन्याची पे-स्लिप मी ब्रेक रूममध्ये बघत बसले होते, पैसे हिशेबापेक्षा बरेच कमी. शेजारी रुमानियाची एक सहकारी होती. तिनं हातमोजा दातानं ओढून काढला, माझ्या कागदावर पेनानं गोल केला आणि म्हणाली, “बीआर. बॅड.” बीआर हा टॅक्स कोड लागला की पहिल्या पौंडापासून 20 टक्के कापतात, करमुक्त रकमेचा फायदा मिळत नाही. त्या वर्षी माझा कोड 1000एल असायला हवा होता. कुठे फोन करायचा, कोणता आकडा सांगायचा, सगळं तिनं त्याच स्लिपच्या पाठीवर लिहून दिलं. तिच्या देशाच्या लोकांना इथे निर्बंधांशिवाय काम करायला मिळू लागलं 1 जानेवारी 2014 पासून, म्हणजे तीही नवीच. तिला ते आदल्या महिन्यात एका पोलिश बाईनं सांगितलं होतं. पोलिश लोक 2004 पासूनचे, त्यामुळे आमच्या गोदामात ते जाणत्यांत मोडायचे.

जाणत्यांचीही गंमत व्हायची. आमचा पोलिश लाइन लीडर सांगायचा की पहिल्या आठवड्यात मॅनेजरनं ‘हाफ नाइन’ला ये म्हटलं आणि हा साडेआठलाच गेटवर उभा. त्यांच्या भाषेत ‘अर्धे नऊ’ म्हणजे नऊकडे अर्धा तास सरकलेले, साडेआठ. इंग्रजांचे साडेनऊ. मी त्याला आमचं ‘साडे’ समजावायला गेले आणि ‘पावणे’वर पोचेपर्यंत शिट्टी झाली. परक्या मुलखात माणूस रुळतो तो असा, चुकत, एकमेकांचं बघत. त्याला ‘इंटिग्रेशन’ म्हणतात हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मग 2016 आलं. ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर 23 जूनला सार्वमत झालं. त्यात एक गोष्ट अशी, जी आपल्या मंडळात कुणी मोठ्यानं बोलत नाही. इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना त्यात मत होतं, म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांना होतं. युरोपातल्यांना नव्हतं, फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचे सोडून. माझ्या राहण्याचा निकाल लागत होता आणि मत होतं तुम्हाला. ‘युरोपियन कमी झाले की भारतातल्या लोकांना जागा होईल’ हा प्रचार तेव्हा झाला होता. तुमच्यातल्या कुणी काय केलं ते मी विचारत नाही, मत गुप्त असतं. पण तेव्हा जे सरकारनं केलं तेच आता मंडळानं करावं? ज्यांच्याबद्दल ठरवायचं त्यांनाच सोडून ठरवायचं?

बाहेर पडणं ठरल्यावर इथल्या युरोपियनांना राहण्याचा हक्क देणारी सेटलमेंट स्कीम आली, मार्च 2019 मध्ये सगळ्यांना खुली झाली. पाच वर्षं झालेल्यांना ‘सेटल्ड’ म्हणजे कायमचा हक्क, कमी असतील तर ‘प्री-सेटल्ड’ म्हणजे तात्पुरता. मुदत 30 जून 2021, आणि तोवर 60 लाखांहून जास्त अर्ज आले. हातात कार्ड नाही, शिक्का नाही, सगळं ऑनलाइन. ज्या माणसानं आयुष्यभर कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा कपाटात ठेवला त्याला सांगायचं, तुझा हक्क फोनमध्ये आहे. टेबल त्या वसंतात सुरू झालं. कोविडमुळे हॉल बंद होता, म्हणून कार पार्कमध्ये, घडीचं टेबल आणि दोन खुर्च्या. तेव्हाचे अध्यक्ष स्वतः थर्मासमधून चहा ओतत होते, हे आजच्या कार्यकारिणीला कदाचित माहीत नसेल.

टेबलावर काय व्हायचं याचा एकच नमुना सांगते. पेडण्याचे एक काका, साठीच्या पुढचे, सफाईचं काम करणारे. त्यांना नवी एजन्सी कामावर घेत होती, शेअर कोड मागत होती. शेअर कोड म्हणजे इथे काम करायचा किंवा राहायचा हक्क दाखवणारा नऊ अक्षर-अंकांचा परवलीचा शब्द, 90 दिवस चालतो. कामासाठीचा डब्ल्यूनं सुरू होतो, घरभाड्यासाठीचा आरनं. काकांनी मधल्या काळात पासपोर्ट नवा केला होता आणि इमिग्रेशनच्या ऑनलाइन खात्यावर जुनाच नंबर राहिला होता. आत शिरायला सहा आकडी कोड लागतो, तो जायचा जुन्या फोन नंबरवर. जुनं सिम कुठे? काका म्हणाले, “आसतलें खंय तरी.” दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ते तपकिरीची डबी घेऊन आले. तिच्यात तपकीर नव्हती. सुतानं बांधलेली सुई होती, सेफ्टी पिना होत्या, मंगेशीचा अंगारा होता आणि कागदात गुंडाळलेलं सिम. ते माझ्या फोनमध्ये घातलं, पाच पौंडांचं रिचार्ज केलं आणि आम्ही चौघं त्या फोनकडे दूध उतू जायची वाट बघावी तसे बघत बसलो. कोड आला. पासपोर्ट बदलला. मग शेअर कोड निघाला, पहिलं अक्षर डब्ल्यू. काकांनी तो कोड आधी हातावर लिहिला आणि मग कागदावर.

याला तुमच्या ठरावात ‘कार्यकर्त्यांचा वेळ खाणारा, मंडळाच्या उद्देशात न बसणारा उपक्रम’ म्हटलं आहे.

आता माझ्या तक्रारी.

टेबल फक्त ‘पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचं’ होतं हे खरं नाही. 2024 च्या अखेरीस तुमची बीआरपी, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची कार्डं संपली आणि तुम्हीही ई-व्हिसावर आलात. तेच खातं, तोच शेअर कोड, पासपोर्ट बदलला की तीच धावपळ. त्या डिसेंबरात टेबलासमोर रांग कुणाची होती? कार्यकारिणीतल्या दोघांच्या आई-वडिलांचं काम आम्हीच करून दिलं, नावं सांगत नाही. माझ्याकडे वही आहे. नावं झाकून ती कुणालाही दाखवायला तयार आहे. आणि मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत सरकारनं कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव मांडल्यावर ग्रुपवर जी घबराट झाली, ती आम्ही 2016 मध्ये अनुभवलेली आहे. त्या वेळी कुणाला फोन करायचा, कुणाच्या अफवेवर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हाला माहीत आहे. ते ज्ञान तुम्ही कोपऱ्यातून उचलून बाहेर ठेवताय.

कायद्याचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, तो मी टाळणार नाही. 1999 च्या कायद्यानं इथे नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे, मग तो फुकट का असेना. म्हणूनच आम्ही सल्ला दिला नाही. फोन कसा वापरायचा, स्वतःचं खातं कसं उघडायचं, सरकारी पानावर काय लिहिलं आहे ते मराठीत वाचून दाखवायचं, एवढंच. गुंतागुंत दिसली की नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे पाठवायचं. ही रेघ कुठे पुसट होते हे मलाही कळतं. एकदा पोचता पोचता थांबले आहे. एका जोडप्याला बाळ झालं होतं, दोघंही प्री-सेटल्ड. बाळ इथे जन्मलं म्हणजे ब्रिटिशच, असं समजून ते निवांत. तसं नसतं. आईबापांपैकी एकही ब्रिटिश किंवा सेटल्ड नसेल तर मूल आपोआप ब्रिटिश होत नाही, आणि त्याचा सेटलमेंट स्कीमचा अर्ज जन्मापासून तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. दोन महिने उलटून गेले होते. मी त्यांना त्याच दिवशी सल्लागाराचा पत्ता दिला आणि गप्प बसले. पण ते टेबलाशी आले नसते तर त्यांना प्रश्न आहे हेच कळलं नसतं. कायद्याची भीती असेल तर दोघांची रीतसर नोंदणी करू या, त्याला वाट आहे. टेबल उचलायचं कारण काय?

‘आता सगळं आपोआप होतं’ असंही सभेत सांगितलं गेलं. अर्धं खरं आहे. डिसेंबर 2022 मध्ये इथल्या हायकोर्टानं सांगितलं की केवळ दुसरा अर्ज केला नाही म्हणून प्री-सेटल्डवाल्यांचे हक्क हिरावता येणार नाहीत. सप्टेंबर 2023 पासून मुदती आपोआप वाढू लागल्या, जानेवारी 2025 पासून काहींना आपोआप सेटल्ड करणं सुरू झालं. काहींना. कर किंवा भत्त्यांच्या सरकारी नोंदींत सलग वावर दिसला तर. रोखीनं काम केलेली, मुलं सांभाळत घरी बसलेली, मध्ये वर्षभर आजारी आईकडे गेलेली बाई त्या नोंदींत दिसत नाही. टेबलाशी जास्त करून त्याच यायच्या.

आणि ‘सहयोगी’बद्दल. माझी मुलगी 2017 ची, इथल्याच हॉस्पिटलात जन्मलेली, पासपोर्ट पोर्तुगीज, कारण तेव्हा माझी पाच वर्षं भरली नव्हती. तिला ब्रिटिश करायची फी मोठी आहे, साठवतोय. ती आपल्या मराठी वर्गात जाते. ‘घ’ आणि ‘ध’मध्ये अजून गोंधळते, त्यामुळे आमच्या घरी सध्या धर आहे आणि घरणीकंप होतो. नव्या नियमात वर्गाच्या जागा आधी पूर्ण सदस्यांच्या मुलांना आणि मग सहयोग्यांना. हे छोट्या अक्षरात, शेवटच्या ओळीत आहे. ठराव मांडणाऱ्यांनीही ती ओळ नीट वाचली नसावी असं मी अजून धरून चालते.

गणपतीच्या वेळी मात्र आम्ही सहयोगी नसतो. मागच्या चवथीला हॉलमध्ये माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायचं फळापानांचं छत, आम्हीच बांधली. सुपारीचे घोस, आंबाडे, कांगलांसारखी रानफळं इथे कुठून आणणार? मग मक्याची कणसं, आंबट रानसफरचंदं, हेझलनट आणि हॉर्स चेस्टनटची काटेरी हिरवी फळं दोरीला ओवली. त्यात एक फांदी त्या रुमानियन मैत्रिणीच्या अंगणातली होती. सगळ्यांनी त्याखाली उभं राहून फोटो काढले. मंडळाच्या यंदाच्या पत्रकावर वर तोच फोटो आहे आणि खाली सदस्यत्वाचे नवे नियम.

मागण्या फार नाहीत.

टेबल परत लावा. हॉल तसाही दुपारपर्यंत आपल्याच भाड्यात असतो, महिन्याला दोन तास द्या. नोंदणीसाठी मी आणि आणखी एक जण तयार आहोत, अभ्यासाचा खर्च आमचा.

सहयोगी सदस्याचा नियम रद्द करा. मराठी बोलतो, वर्गणी भरतो, एवढं पुरे असावं. पासपोर्ट बघायचं काम विमानतळावरच्या लोकांना करू दे. मराठी वर्गाला हीच गोष्ट लागू, आणि ती या सत्राच्या आत, कारण पुढच्या सत्राची यादी आता बनेल.

सभा शनिवारी दुपारी दोनला ठेवू नका, किंवा ठेवली तर शिफ्टवाल्यांना ऑनलाइन मत देऊ द्या. आपल्यातले किती जण गोदामात, केअर होममध्ये, डिलिव्हरीत आहेत याचा अंदाज कार्यकारिणीला नाही असं मला वाटतं. दोष देत नाही. कार्यकारिणीत त्यातलं कुणीच नाही.

उत्तर लेखी द्या. अंगठा नको.

टेबल घडीचं आहे, माझ्या जिन्याखाली ठेवलं आहे, एक पाय जरा डुगडुगतो. पेडण्याच्या काकांच्या बायकोचा पासपोर्ट आता बदलून आला आहे आणि मागच्या वेळी मी त्यांना येत्या दुसऱ्या रविवारी दहाला या म्हणून सांगून बसले आहे, ठराव होण्याआधी. त्या दोन बस बदलून येतात आणि फोन क्वचितच उचलतात. त्यांना हॉलवर बोलावू की माझ्या स्वयंपाकघरात, तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा.

आपली,
(अजून तरी पूर्ण) सदस्य